हक्कसोडपत्रानंतरचे लग्न

मैत्रिणीचे दुसरे लग्न विवाह नोंदणी कार्यालयात थोडक्यात उरकले. सह्या झाल्या, हार घातले गेले, फोटो निघाले आणि नवदांपत्य एका गाडीत व आम्ही उरलेले दुसऱ्या गाडीत असे जेवणाला निघालो. तिची मुलगी पुढच्या आसनावर बसली होती. नव्या साडीच्या निऱ्या तिने दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या आणि बंद काचांच्या आत मोगऱ्याचा वास एसीच्या ओलसर हवेत मिसळून जड झाला होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागे न वळता तिने विचारले, “मावशी, आता बाबांचं घर कुणाचं?” मी तोंड उघडण्याआधीच शेजारी बसलेली तिची सख्खी मावशी म्हणाली, “आजच्या दिवशी असलं काही बोलू नये गं, बरं दिसत नाही.” मुलगी गप्प झाली आणि मीही गप्प बसले. मात्र तिच्या स्वरात हाव नव्हती, रागही नव्हता. बाहेर पडल्यावर ‘कुलूप लावलं ना?’ असे विचारावे तसा तो स्वर होता, आणि तोच माझ्या मनातून जाईना.

घराची हकीकत मला ठाऊक होती. मुलीचे वडील अचानक गेले, मृत्युपत्र केलेले नव्हते. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुले आणि आई हे वर्ग एकचे वारस समान वाट्याने येतात. आजी आधीच गेलेली असल्याने मायलेकींचा निम्मा निम्मा हिस्सा झाला. सोसायटीत नाव लावताना, पुढेमागे घर विकायचे झाले तर दोघींना धावाधाव नको म्हणून, कुणीतरी सुचवले की मुलीने आईच्या लाभात हक्कसोडपत्र करून द्यावे. आपल्याकडे घरोघरी हेच होते. मुलगी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेली, अंगठ्याचा ठसा दिला, कॅमेऱ्यासमोर बसली आणि मोकळी झाली. “आई आणि मी काय वेगळ्या आहोत का?” असे ती तेव्हा म्हणाली होती, आणि त्या दिवशी ते खरेच होते. घर आईचे झाले, पूर्णपणे आणि कायमचे.

आता आईचे लग्न झाले. याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मिळकत पहिल्या पायरीवर मुलगे, मुली आणि पती यांच्यात समान वाटली जाते. पतीकडून वारशाने आलेली मिळकत त्या पतीच्या वारसांकडे परत जावी असा अपवाद त्याच कलमात आहे, पण तो तिला मूलबाळ नसेल तरच लागू होतो. मुलगी असल्यामुळे तो दरवाजा बंद. म्हणजे माझ्या मैत्रिणीने काहीच लिहून ठेवले नाही, तर पहिल्या नवऱ्याच्या कष्टाच्या घरातला अर्धा वाटा दुसऱ्या नवऱ्याकडे जाईल, आणि तेही काही न लिहिता गेले तर तो अर्धा त्यांच्या पहिल्या संसारातल्या मुलांकडे. गाडीत पुढे बसलेली मुलगी त्या मुलांना तोवर जेमतेम दोनदा भेटली होती. यात कुणाचा लोभ नाही, कुणाची लबाडी नाही. कुणी काहीच केले नाही, की हे असे आपोआप घडते.

बरे दिसत नाही म्हणून न काढलेला विषय शेवटी कायद्याच्या हाती जातो.

माझ्या आजोळी शेजारच्या घरात एक दुसरेपणाचा संसार होता. त्या घरातल्या पितळी भांड्यांवर पहिल्या बायकोचे नाव कोरलेले होते. पिंपावर, परातीवर, मोठ्या घंगाळावर, सगळीकडे तेच नाव आणि तीच तारीख. दुसरीने आल्यावर ती भांडी वापरातून काढली आणि चिंच लावून, लख्ख घासून, जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवली. पहिलीच्या पाटल्या आणि मोहनमाळ एका डब्यात वेगळी होती. पहिलीच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा तो सगळा ऐवज तिने न सांगता खाली काढून मुलीपुढे मांडला. माझी आजी हे सांगताना नेहमी आवाज खाली आणायची, जणू हा मोठाच त्याग होता. मला मात्र लहानपणी दुसरीच गोष्ट दिसायची: त्या बाईने आपल्या स्वतःच्या नावाचे एकही भांडे कधी घालून घेतले नाही. तिच्या मुलांना माळ्यावरून काहीच मिळायचे नव्हते. एका बाजूचा हिशेब इतका चोख ठेवला गेला की दुसऱ्या बाजूला हिशेबच उरला नाही, आणि हे तिच्या चांगुलपणात धरले गेले. मिसळलेल्या घरात एखाद्याचा चांगुलपणा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून दिला जातो, असे मला अजून वाटते.

त्याही आधीचा काळ पाहिला तर प्रश्नच पडू नये अशी सोय कायद्याने करून ठेवली होती. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण त्याच्या दुसऱ्या कलमात अशी तरतूद होती की पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरचे तिचे हक्क, ती त्या दिवशी मरण पावली आहे असे समजून, संपतील आणि पुढच्या वारसांकडे जातील. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा घरात पहिल्या पत्नीचा अकरा वर्षांचा रघुनाथ होता आणि पुढे त्याच घरात धाकटी भावंडे आली. आज ज्याला आपण मिश्र कुटुंब म्हणतो ते महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले होते. फक्त अशा घरात येणाऱ्या बाईचे हात कायद्याने आधीच रिकामे केलेले असत. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. १९५६ च्या कायद्यात काही विधवांना, उदाहरणार्थ आधी मृत्यू पावलेल्या मुलाच्या पत्नीला, पुनर्विवाहामुळे वारसा नाकारणारे जे कलम २४ होते, तेही २००५ च्या दुरुस्तीने गेले, आणि पतीकडून एकदा मिळालेला वारसा पुनर्विवाहाने हिरावला जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. याचा मला आनंदच आहे. पण बाईच्या हाती मिळकत राहिली म्हणूनच गाडीतल्या मुलीला तो प्रश्न पडू शकला, हेही खरे. आधी तो प्रश्न दुसऱ्या लग्नाच्या दिवशीच बाईच्या विरुद्ध सुटलेला असे.

या विषयात डोके घातल्यावर मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते मृत्यूच्या क्रमाने. दोघेही विधुर-विधवा, त्यांची दोन मुले, हिची एक मुलगी, असे घर धरू. मृत्युपत्र कुणाचेच नाही. ते आधी गेले तर त्यांच्या मिळकतीचे तीन वाटे होतील: पत्नी आणि दोन मुले. नंतर ती गेली की तिचा तो वाटा आणि तिचे स्वतःचे सगळे तिच्या मुलीकडे जाईल. त्यांच्या मुलांना त्यातले काही नाही. क्रम उलटा झाला तर तिची निम्मी मिळकत त्यांच्याकडे आणि त्यांच्यामागून त्यांच्या दोन मुलांकडे. तीच माणसे, तीच मिळकत. फक्त कुणाचा श्वास आधी थांबला यावर दोन घराण्यांची बाजू पालटते. दोघे एकाच अपघातात गेले आणि कोण आधी गेले हे कळलेच नाही, तर काय, याचाही विचार कायद्याने केला आहे. १९५६ च्या कायद्याचे कलम २१ म्हणते की विरुद्ध सिद्ध होईपर्यंत वयाने लहान व्यक्ती मोठीच्या मागे उरली असे धरावे. दुसऱ्या लग्नात नवरा बऱ्याचदा सात-आठ वर्षांनी मोठा असतो. तेव्हा एका रात्रीच्या अपघातात त्याच्या मिळकतीतला एक वाटा क्षणभर बायकोच्या हातात जाऊन तिथून तिच्या मुलीकडे जाणार. असा क्षण, जो कुणी जगलाच नाही, तो कागदावर कुणाचा तरी फ्लॅट ठरवतो.

सावत्र मुलांकडे कायदा कसा पाहतो याचा शोध घेताना तर मला हसूच आले. आयकर कायद्याच्या व्याख्येत अपत्यामध्ये सावत्र अपत्य येते. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये जो कायदा झाला, त्यात ‘पालक’ म्हणजे सावत्र आई आणि सावत्र वडीलसुद्धा. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांत नातेवाइकांच्या यादीत मुलग्यासोबत सावत्र मुलगाही लिहिला आहे. मुलीपुढे मात्र सावत्र मुलीचा उल्लेख नाही, कुणाच्या तरी हातून तो राहून गेला असावा. पण ज्या कायद्यावर घरदार चालते त्या उत्तराधिकार कायद्यात सावत्र मूल वर्ग एकचे वारस नाही. आईच्या मिळकतीत ‘मुलगे आणि मुली’ या शब्दांत सावत्र मुलगा बसत नाही, तो फार तर पतीचा वारस म्हणून पुढच्या पायरीवर येईल, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगून टाकले. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे आणि मृत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्या यादीतही सावत्र मूल लिहिलेले नाही. ज्याने सावत्र बापाला दवाखान्यात नेले-आणले, त्याच्या गोळ्यांचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवले, त्याच्या नावाने दिवाळीला घरात उटणे आणले, तो मुलगा त्याच्या मृत्यूनंतर वारसदाखल्याच्या अर्जात कुठेच येत नाही. रीतसर दत्तक घेतले तर येतो, पण वयात आलेल्या मुलाचे दत्तकविधान सहसा होऊ शकत नाही आणि दुसरी लग्ने तर बऱ्याचदा मुले मोठी झाल्यावरच होतात. मग उरते एकच वाट, ती म्हणजे मृत्युपत्रात त्याचे नाव लिहिणे. रक्ताच्या मुलासाठी मृत्युपत्र ही सोय असते. सावत्र मुलासाठी तो एकमेव कागद असतो ज्यावर त्याचे नाते दिसते.

नॉमिनीचा घोळ सगळ्यांना ठाऊक असतो, तरी प्रत्येक घरात तो नव्याने होतो. १९८४ मध्ये विम्याच्या बाबतीत आणि २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नॉमिनी म्हणजे रक्कम स्वीकारणारा, मालक नव्हे. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी आणि मुले यांना लाभार्थी नॉमिनी मानण्याची तरतूद आली, तेवढा फरक. पण दुसऱ्या लग्नाच्या संदर्भात मला जी गोष्ट खटकली ती वेगळी होती. मैत्रीण अजून नोकरीत आहे आणि तिच्या भविष्य निर्वाह निधीवर नॉमिनी म्हणून मुलीचे नाव होते. ते नाव लग्नाच्या दिवशीच गळून पडले, कारण लग्नानंतर नवे नामनिर्देशन करावे लागते आणि आधीचे अवैध ठरते. या उलट तिने विधवा असताना एखादे मृत्युपत्र केले असते, तर ते जसेच्या तसे उभे राहिले असते; ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तीचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होते, हिंदूंच्या बाबतीत १९२५ चा उत्तराधिकार कायदा स्पष्ट म्हणतो की लग्नाने ते रद्द होणार नाही. एकाच हाराने एक कागद मेला आणि दुसरा जिवंत राहिला असता. हार घालताना हे कुणाच्या मनात असते?

काही आठवड्यांनी मी मैत्रिणीकडे हा विषय काढला. ती कपडे वाळत घालत होती. पुरुषाचे शर्ट पुन्हा दोरीवर आलेले पाहून मला कसेसे झाले आणि बरेही वाटले. ती म्हणाली, “मी आत्ताच कागद करायला बसले तर यांना काय वाटेल? विश्वास नाही असं वाटेल.” मग चिमटे संपेपर्यंत ती काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, “आणि नाही केले तर लेकीला काय वाटेल?” मला तेव्हा कळले की तिने हे सगळे रात्री एकटीने घोळवलेले आहे. तिला वेगळीच भीती वाटत होती. ज्या घरात आपण दोघे ‘आपले’ म्हणायला शिकतो आहोत, तिथे माझे आणि तुमचे असे दोन रकाने आखायचे, या कल्पनेनेच तिचा हात अडत होता. तिचे चुकत नाही. मृत्युपत्र लिहिताना माणूस घरातल्या प्रत्येकाकडे वारस म्हणून पाहतो, आणि ती नजर संध्याकाळच्या चहाच्या वेळी लगेच पुसता येत नाही.

पण यजमानांनीच विषय सोपा केला. ते निवृत्त माणूस, आधीच्या पत्नीच्या दीर्घ आजारपणात कागदपत्रांशी झटलेले. त्यांना हवे होते ते असे: घर शेवटी आपल्या मुलांना जावे, पण ही जिवंत असेपर्यंत हिला कुणी बाहेर काढू नये. ऐकायला किती साधे वाटते! वकिलांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. पत्नीला हयातीपुरता हक्क दिला तर तो तसाच मर्यादित राहतो की १९५६ च्या कायद्याच्या कलम १४ मुळे पूर्ण मालकीत बदलतो, हा वाद १९७७ च्या तुलसम्मा निकालापासून चालू आहे. पोटगीसारख्या आधीच असलेल्या हक्काच्या बदल्यात दिलेली मिळकत असेल तर मर्यादा गळून पडते, असे तो निकाल सांगतो. नंतरच्या निकालांनी वेगवेगळ्या दिशा धरल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुंता मोठ्या पीठाकडे सोपवला. म्हणून त्यांनी शब्द तोलून घातले. मालकी पहिल्या दिवसापासून मुलांची. पत्नीला फक्त राहण्याचा व्यक्तिगत हक्क. भाड्याने देण्याचा, विकण्याचा वा गहाण टाकण्याचा नाही. तिच्या निर्वाहासाठी वेगळी ठेव, तिची मालक तीच. सोसायटीची देखभाल कुणी भरायची, गळती दुरुस्त कुणी करायची, हेही लिहिले. मुलांना घर मिळेल पण किल्ली मिळणार नाही, कदाचित वीस वर्षे. सावत्र आईचे आयुष्य मोजत बसण्याची वेळ मुलांवर येऊ नये, म्हणून मुलांनाही काही रक्कम लगेच मिळावी असे मीच सुचवले. नुसती वाट पाहायला लावणारा वारसा माणसाला वाईट बनवतो असे माझे मत आहे.

मसुदा आला तेव्हा त्यात एक वाक्य होते: “सदर पत्नीने पुनर्विवाह केल्यास तिचा राहण्याचा हक्क संपुष्टात येईल.” मैत्रिणीने ते मोठ्याने वाचले. स्वतः पुनर्विवाह केलेल्या पुरुषाच्या मृत्युपत्रात, पुनर्विवाह केलेल्या बाईसाठी हे वाक्य! ती हसली, आणि हसू ओसरल्यावर चिडली. यजमान खरेच ओशाळले. ते वाक्य त्यांनी सांगितलेले नव्हते, वकिलांच्या संगणकातल्या जुन्या मसुद्यातून ते आपोआप उतरले होते, आणि त्या मसुद्यात कदाचित त्याहून जुन्या एखाद्या मसुद्यातून. १८५६ चे कलम रद्द होऊनही लेखनिकांच्या हातात अजून फिरते आहे, हे त्या दिवशी मी पाहिले. वाक्य खोडले गेले. पण त्यांच्या मुलाने फोनवर विचारले की उद्या खरेच तिसरा कुणी येऊन आमच्या आईवडिलांच्या घरात राहू लागला तर आम्ही काय करायचे. प्रश्न उद्धट नव्हता, आणि आता ‘बरं दिसत नाही’ असे कुणी म्हटले नाही. बऱ्याच चर्चेनंतर ठरले की सलग एक वर्ष ती दुसरीकडे राहायला गेली तर हक्क संपेल, मग कारण लग्न असो, लेकीकडे जाणे असो की वृद्धाश्रम असो. दोन्ही बाजूंना हे थोडे थोडे नापसंत आहे, म्हणून बहुधा ते टिकेल.

मैत्रिणीच्या मृत्युपत्रात फ्लॅट पूर्णपणे मुलीला आहे आणि यजमानांनी त्यावर आपला काही दावा नसल्याचे वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे, कायद्याने त्याची गरज नसताना. भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन तिने दोघांत निम्मे केले. दोन साक्षीदार लागतात. लाभार्थी नसलेली आणि वयाने लहान असलेली माणसे शोधताना शेजारच्या मजल्यावरचे एक तरुण जोडपे सापडले. नोंदणी सक्तीची नाही, तरी दोघांनीही ती करायची ठरवली आहे. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून तिने त्यांच्या मुलाचे आणि त्यांनी तिच्या मुलीचे नाव घातले आहे, ज्यावर वकिलांनी नापसंती दाखवली आणि मला मात्र तो सगळ्या कागदातला सर्वांत धाडसी भाग वाटला. अडले आहे ते संयुक्त खात्यावर. ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला’ अशा खात्यातून मागे उरलेल्याला पैसे काढता येतात, पण वारसांचा दावा त्याने मिटत नाही. लग्नानंतर दोघांनी मिळून साठवलेले कुणाचे किती, हे लिहायला दोघेही तयार नाहीत. मसुदा अजून वकिलांकडे आहे, आणि त्यांच्या मुलाने यादीत आणखी एक मुद्दा घालायला सांगितला आहे: आजारपणात शुद्ध हरपली तर दवाखान्यातल्या कागदावर सही कुणाची चालेल, बायकोची की मुलांची, आणि दोघांचे मत जुळले नाही तर काय करायचे.